कोमारीची बिननावाची वाट

फोन तिसऱ्यांदा वाजला तेव्हा नामकुंडा म्शाना चर्चच्या पायरीवर बसून बुटातला खडा काढत होती. फोन जिल्ह्याच्या कचेरीतल्या कापिंगासाहेबांचा होता आणि प्रश्न नेहमीचाच होता.

"बाई, एकेचाळीस झाल्या. बेचाळिसावीचं काय?"

"होतंय, साहेब."

"पाच आठवडे तेच ऐकतोय. सगळ्या जिल्ह्यातल्या रस्त्यांना नावं मिळाली, घरांवर नंबर चढले. तुमच्या गावची एक पाऊलवाट तेवढी अडून बसलीय. शुक्रवारी यादी पाट्या रंगवायला जाणार. नाव आलं नाही तर मी वर तुमचं नाव कळवीन."

नामकुंडानं फोन पर्समध्ये टाकला आणि खडा असा भिरकावला की समोरच्या केळीच्या पानाला भोक पडलं.

कोमारीत ती सहा वर्षं ग्रामसेविका होती. किलिमंजारोच्या उतारावर, दोन खोल दऱ्यांच्या मधे हे गाव. केळी आणि कॉफीच्या दाटीत घरं अशी दडलेली की शेजारच्या घरातून चुलीचा धूर आला तरच शेजार आहे हे कळावं. अशा ठिकाणी रस्ता कुठला नि गल्ली कुठली! पण सरकारचा हुकूम आला: प्रत्येक वाटेला नाव, प्रत्येक दाराला नंबर. नामकुंडानं उन्हातान्हात पायपीट करून एकेचाळीस वाटांची नावं मिळवली. उरली ती चर्चपासून खाली दूध केंद्रापर्यंत पाटाच्या कडेकडेनं उतरणारी वाट. पाट म्हणजे डोंगरावरच्या झऱ्यापासून गावाच्या तळापर्यंत पाणी आणणारा, कोणे एके काळी हातानं खणलेला चर. वाटेच्या वरच्या अंगाला लेमा घराण्याची वस्ती, खालच्या अंगाला स्वाई घराण्याची, आणि मधोमध नामकुंडाची कचेरी.

तिची खरी अडचण वेगळीच होती. ती पारे होती. बसनं दोन-अडीच तासांवरच्या पारे डोंगरातली. आणि गाव चग्गांचं. पारे आणि चग्गा यांच्यात पिढ्यान् पिढ्या थट्टेचं नातं, त्याला तिकडे उतानी म्हणतात. दीर-भावजयीत चालते तशी चेष्टा इथं दोन अख्ख्या जमातींत चालते. एकानं वाट्टेल ते बोलावं, दुसऱ्यानं सवाई उत्तर द्यावं, आणि रागावायचं मात्र कोणीच नाही. जो रागावला तो हरला. नुसता हरला नाही, त्यानं नातं मोडलं.

सहा वर्षं नामकुंडानं हे नातं झोकात निभावलं होतं. ती दिसली की कोणीतरी ओरडे, "पारेबाई आल्या रे! कोंबड्या मोजून ठेवा, एखादं पीस जरी उडालं तरी कोर्टात खेचतील!" आणि ती चालता चालता म्हणे, "तुमच्यात माणूस खरंच मेला का हे बघायला कानाशी नाणं वाजवतात म्हणे; पैशाच्या आवाजानंही उठला नाही तरच पुरतात. माझ्या कोंबड्यांचं मी बघून घेईन."

सगळ्यांत वाईट होता एलिनाफी लेमा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, लेमांचा कर्ता पुरुष, डोक्यावर जुनी हॅट, हातात काठी. पहिल्या दिवसापासून तो तिला 'बायको' म्हणायचा. तिचा नवरा पारेतल्या सामे गावी शाळामास्तर आहे, एक मुलगी हायस्कुलात आहे, हे सगळं त्याला ठाऊक होतं.

पण आता हीच थट्टा भिंतीसारखी आडवी आली होती. या वाटेचं नाव विचारलं की गावाला हसूच फुटायचं. कॉफीच्या गोदामाचा पहारेकरी म्हणाला, "'पारेबाई घसरली ती वाट' असं लिहा. मागच्या पावसाळ्यात तुम्ही तिथंच आपटलात ना?" दूध केंद्रातल्या बायांनी विचार करायला दोन दिवस मागितले, आणि तिसऱ्या दिवशी 'केळीची साल' हे नाव सुचवून एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकवून हसल्या. पाद्रीबुवांकडे गेली तर त्यांनी हातच जोडले. "बाई, लेमा पहिल्या बाकावर डावीकडे बसतात, स्वाई पहिल्या बाकावर उजवीकडे. मी मधे उभा राहून प्रवचन देतो, तेवढंच पुरे आहे मला."

"पण झालंय काय, ते तरी सांगा."

"काही नाही झालेलं. चहा घ्या."

शेवटी बुधवारी तिनं कचेरीपुढच्या झाडाखाली सभा बोलावली. जानेवारी संपत आला होता. आभाळ कोरडं ठणठणीत आणि पाटातलं पाणी करंगळीएवढं. चाळीसेक माणसं जमली. वरचे वर बसले, खालचे खाली.

एलिनाफी काठी टेकत उठला. "बायको, एवढा त्रास कशाला करून घेतेस? ज्यानं हा पाट खणला त्याचं नाव दे. किरेंगो. किरेंगो लेमा."

खालच्या बाजूनं ऐकांडे स्वाई उभी राहिली. चौऱ्याहत्तर वर्षांची, कमरेत किंचित वाकलेली, पण आवाज असा की दरीपलीकडे जावा. दरीपलीकडच्या किबोशोतूनच ती लग्न होऊन इथं आली होती, आणि पन्नास वर्षांत तिनं आपली बोली सोडली नव्हती. "किलेंगो," ती म्हणाली. "किलेंगो स्वाई. ल. जीभ नीट वळव, एलिनाफी."

"माझी जीभ इथली, माचामेची आहे. आमच्यात र म्हणतात."

"म्हणून तर तुमच्यात कोण काय बोललं ते कोणाला कळत नाही."

नामकुंडाला वाटलं, देव पावला. "थांबा, थांबा. म्हणजे माणूस एकच आहे! एका बोलीत र, दुसऱ्या बोलीत ल. मग भांडण कसलं? घराण्याचं नाव गाळू. नुसतं किरेंगो लिहू, नाहीतर किलेंगो."

कोणी कोणाकडे पाहीना. मग मागून कोणीतरी म्हणालं, "वर चढताना र, खाली उतरताना ल. पाटीला दोन बाजू असतात!" आणि हशा फुटला, नेहमीसारखा, सगळा गोंधळ झाकून टाकणारा.

"साहेब म्हणतात शुक्रवारी..." नामकुंडा सांगू लागली.

"साहेबांना केळीची बिअर पाठवू!"

"बायको," एलिनाफी हॅट मागे सारत म्हणाला, "तुमच्या पारेत अक्षरावरूनसुद्धा कोर्टात जातात म्हणे. तूच निकाल दे. तोवर मी आपल्या घरी जाऊन तुझ्यासाठी केळी उकडून ठेवतो."

आणि नामकुंडाचा तोल गेला.

आधी ती आपल्या पारे बोलीतच सुटली. कोणाला एक शब्द कळला नाही आणि सगळ्यांना सगळं कळलं. मग ती स्वाहिलीवर आली. "पुरे! मी तुमची बायको नाही! पाच आठवडे मी तुमच्या दारादारांतून हिंडतेय. माझ्या मुलीची परीक्षा झाली, मी घरी गेले नाही. कशासाठी? तर एका वाटेच्या एका नावासाठी! आणि तुम्ही दात काढताय! एलिनाफीबाबा, वयाची तरी लाज बाळगा!"

एलिनाफीनं हॅट काढली, हातात धरली, आणि वाटेनं वर निघून गेला. मग एकेक जण उठला. दूध केंद्रातल्या बायाही खाली मान घालून गेल्या.

नामकुंडा कचेरीत आली, दार लावलं, आणि सरकारनं दिलेला टॅब उघडला. बेचाळिसावी वाट. नावाची चौकट रिकामी ठेवून पुढे जाता येत नव्हतं. तिनं चौकटीत पहिलं सुचलं ते लिहिलं, 'हसिरा', म्हणजे राग, आणि बटण दाबलं. नंतर बदलू म्हणून. पण टॅबवर हिरवी खूण उमटली आणि खाली ओळ आली: नोंद पूर्ण, यापुढे बदल करता येणार नाही.

तिनं तीन वेळा बदलून पाहिलं. मग कपाळाला हात लावून बसली.

दुसऱ्या दिवसापासून गाव सभ्य झालं. ते तर त्याहून भयंकर होतं. वाटेवरची माणसं बाजूला सरून तिला जागा देऊ लागली. पहारेकरी उठून उभा राहिला आणि म्हणाला, "नमस्कार, मॅडम." दूध केंद्रात तिला रांगेत पुढे घातलं. कोंबड्यांचा विषय कोणी काढला नाही. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिला वाटलं की आपण या गावात परक्या आहोत. शुक्रवारी यादी गेली. शनिवारी ती घरी जायला निघाली आणि बसथांब्यावरूनच परत फिरली; घरी जाऊन नवऱ्याला सांगणार काय, की मी थट्टा केल्याबद्दल म्हाताऱ्याला सभेत झापलं? तो पारेच होता. त्यानं तिलाच झापलं असतं.

सोमवारी सकाळी कचेरीच्या दारात हॅट दिसली. एलिनाफी आत आला, खुर्चीवर बसला नाही. त्यानं खिशातून एक लांब हिरवं पान काढलं, मधोमध गाठ मारलेलं, आणि टेबलावर ठेवलं. मसालेचं पान. 'मसाले' हे शेताच्या बांधावर लावतात त्या झुडपाचं नाव. चग्गा माणूस हे पान घेऊन दारात आला की त्याला माफी द्यावीच लागते, मग त्यानं खून केलेला असला तरी.

नामकुंडा ताडकन उठली. "बाबा, हे काय! रागावले मी. पान मी आणायला हवं होतं."

"तुमच्या डोंगरात ही रीत नाही. म्हणून मीच आणलं." तो काठीवर भार देऊन उभा राहिला. "तुला खरं सांगायला आलोय. पाण्याचं आहे सगळं."

"कसलं पाणी?"

"ज्यानं पाट खणला त्याच्या घराण्याची पाण्याची पहिली पाळी. ही जुनी रीत. माझ्या लहानपणी कोणी पाळी बघतच नसे, पाणी एवढं होतं की पाट फुटायचा. आता तीन वर्षं पाऊस धड नाही. दुपारपर्यंत खाली पोचतं ते पाणी का चिखल, सांगता येत नाही. आणि तू सरकारी पाटीवर नाव लिहायला निघालीस. आज पाटी, उद्या कोणी ती पाटी कोर्टात दाखवेल. पारे माणसाला हे मी सांगायला हवं?"

"मग किरेंगो होता कोणाचा?"

एलिनाफीनं खिडकीतून खाली स्वाईंच्या केळीकडे पाहिलं. "मला माहीत नाही. माझा बाप म्हणायचा आपला. ऐकांडेचा सासरा म्हणायचा आपला. दोघं एका भोपळ्यातून बिअर प्यायचे आणि हेच बोलायचे. पाणी होतं तोवर तो सगळ्यांचाच होता."

नामकुंडाचं डोकं पुन्हा तापलं. "बाबा, हे पाच आठवड्यांपूर्वी सांगितलं असतं तर?"

"तर त्याच दिवशी कुऱ्हाडी निघाल्या असत्या. थट्टा केली म्हणून निदान पाच आठवडे शांततेत गेले." त्यानं टॅबकडे बोट केलं. "मग, नाव काय पाठवलंस?"

तिनं सांगितलं.

एलिनाफीनं तिच्याकडे पाहिलं. मग त्याचे खांदे हलू लागले. हसता हसता त्याला ठसका लागला, तिनं पाणी दिलं, ते पिताना पुन्हा हसू आलं आणि पाणी शर्टावर सांडलं. "हसिरा! सरकारी पाटीवर! बायको, तुझ्या कचेरीचा पत्ता आता रागाची गल्ली, घर नंबर एक!"

'बायको' हा शब्द ऐकून तिला इतकं बरं वाटेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. पण तिनं तोंड वाकडंच ठेवलं. "दात काढू नका. ऐकांडेआजींना सांगायचं कोणी?"

एलिनाफीचं हसू मावळलं. दोघं मिळून खाली गेले.

ऐकांडे अंगणात गाईपुढे केळीची खोडं तोडून टाकत होती. तिनं हातातला कोयता खाली ठेवला नाही. "राग? माझ्या दारावरून जाणाऱ्या वाटेचं नाव राग? माझ्या नातसुना याच वाटेनं घरात येणार! हे लेमांचं काम आहे. तूच शिकवलंस ना तिला, म्हाताऱ्या?"

"मी काही नाही शिकवलं."

"मग हा राग कोणाचा?"

"माझा, आजी," नामकुंडा म्हणाली. "तुम्हा दोघांवर आलेला."

ऐकांडे विचारात पडली. "तुझा? म्हणजे पारेचा?"

"हो."

"लेमांचा नाही?"

"नाही."

"स्वाईंचाही नाही?"

"नाही हो, आजी. अख्ख्या चग्गांत कोणाचा नाही. फक्त माझा."

ऐकांडेनं एलिनाफीकडे पाहिलं. एलिनाफीनं हॅट नीट केली. मग तिनं कोयता एका खोडात रोवला आणि म्हणाली, "मग चालेल. पारे काही पाणी मागायला येत नाहीत. आणि आपल्या थट्टेच्या माणसांवर रागावलीस त्याचा दंड तुला बसायलाच हवा. ती पाटी तुझ्या कचेरीपुढेच रोवायची. येता-जाता तुला दिसली पाहिजे."

तोवर कापिंगासाहेबांनी यादी वाचली होती आणि त्यांचा फोन आला. "बाई, हा काय चावटपणा आहे? हसिरा?"

"ग्रामस्थांची पसंती आहे, साहेब. दोन्ही वस्त्यांनी मिळून ठरवलं." आयुष्यात प्रथमच ती साहेबांशी अर्धसत्य बोलत होती, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. "बदलायचं असेल तर तुम्ही स्वतः येऊन सभा घ्या. मी झाडाखाली खुर्ची टाकते."

"राहू द्या," साहेब म्हणाले.

पण नामकुंडाला एवढ्यावर थांबायचं नव्हतं. नाव आपलं आहे तर अटही आपली, असं तिनं दोन्ही घरांना बजावलं: पाण्याच्या पाळ्या कागदावर येतील, कचेरीच्या शिक्क्यासकट, आणि पाट कोणी खणला याचा त्यात उल्लेख नसेल. त्यावर तीन दिवस वाद झाला. रविवार धरायचा की नाही, झऱ्यापासून मोजायचं की बांधापासून, लेमांची गाय पाटात पाणी पिते ते कोणाच्या वाट्यातून. नामकुंडा हिशेबानं एकदा या अंगणात केळी घातलेली मटणाची आमटी प्यायली, एकदा त्या अंगणात, नाहीतर तिथंही तोंडं फुगली असती. शेवटी कागद तयार झाला. सरकारी नमुन्यातच टंकला: पहिला आठवडा, लेमा 6 ते 12, स्वाई 12 ते 6. दुसऱ्या आठवड्यात उलट. पहिल्या आठवड्याची पहिली पाळी मिळाली म्हणून एलिनाफी मिशीत हसत होता.

पाटी आली, रोवली गेली. सोमवारी उजाडता उजाडता नामकुंडा पाटावरच्या बांधापाशी पोचली, पहिली पाळी आपल्या डोळ्यांदेखत सुरू व्हावी म्हणून. तिथं ऐकांडे उभी होती. तिनं पाणी अडवणारी फळी काढली होती आणि पाणी खळखळत खाली स्वाईंच्या केळीत चाललं होतं.

"आजी, हे काय? सकाळ लेमांची!"

"कागदावर बारा लिहिलंय. आत्ता बाराच वाजलेत."

नामकुंडाला चूक उमगली. इथं सगळे तास उजाडल्यापासून मोजतात. सकाळी सात वाजले की एक वाजला म्हणायचं. सहाला उजाडतं तेव्हा बारा, भर दुपारी सहा. ती स्वतःही घरीदारी तसंच बोलायची. पण कागदावर तिनं कचेरीचं घड्याळ लावलं होतं, आणि कागद वाचताना त्या दोघांनी आपलं. एलिनाफी येईपर्यंत ती बांधावरच बसून राहिली.

दुपारी बरोबर सहा वाजता, म्हणजे कचेरीच्या घड्याळात बारा वाजता, एलिनाफी हॅट घालून, दोन पुतण्यांना घेऊन ऐटीत बांधावर आला. बांधाखालची जमीन ओली पाहिली आणि त्यानं काठी आपटली.

"पहिली पाळी माझी! आधी पाणी कोणी सोडलं?"

"माझे बारा वाजले, मी सोडलं," ऐकांडे म्हणाली. "तुझे सहा आत्ता वाजतायत. घे तुझं पाणी."

"सहा आधी का बारा आधी? शाळेत गेली होतीस का कधी?"

"बारा आधी. दिवस बारानं उजाडतो. तुझा काय दुपारी उजाडतो?"

मग दोघांनी एकाच वेळी नामकुंडाकडे वळून पाहिलं. सहा वर्षांत तिनं त्या दोघांना कुठल्याही गोष्टीवर असं एकमतानं बघताना पाहिलं नव्हतं.

"कागद कोणी लिहिला?" एलिनाफीनं विचारलं.

"मी," नामकुंडा म्हणाली.

"घड्याळ बघता येतं ना पारेत?" ऐकांडेनं विचारलं.

"येतं, आजी. तुमच्याकडे येत असतं तर तुम्ही घरी झोपला असता आणि मला पहाटे इथं मरायला यावं लागलं नसतं. बाबा, तुम्ही फळी परत बसवा. आज असंच चालेल. कागद मी नव्यानं लिहिते."

"आपल्या तासांत लिही."

"तुमच्याच तासांत लिहिते."

"आणि शिक्का ठळक मार. मागचा पुसट होता."

पुतण्यांनी फळी बसवली, पाणी लेमांकडे वळलं, आणि दोघं म्हातारे पाटाच्या दोन काठांवर उभे राहून पाण्याची उंची काठीनं मोजत एकमेकांना खोटं पाडू लागले. नामकुंडा उन्हात वर निघाली. कचेरीच्या दाराशी दोन परगावचे लोक पाटीचा फोटो काढत हसत होते. तिनं त्यांना काय काम आहे म्हणून विचारलं, ते तिनं कुलूप उघडेपर्यंत सांगत बसले, आणि तिनं टेबलावर नवा कागद ओढून घेतला.